काफीचं संशोधन

चेन्नईत मैलापूरच्या पोटविकारांच्या दवाखान्यात सावनी आपल्या नंबरची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकावरचे आजी-आजोबा तंजावरी मराठीत बोलू लागले, तसे तिने कान टवकारले.

"अगं चंद्रिका, पेपरात आलंय पाहा. काफी पिणाऱ्यांचं लिव्हर चांगलं राहतं म्हणे. नवं संशोधन."

"तुम्हाला दिवसाला काफीचे दोनच टंबळर."

"आणि डॉक्टरांनी चार लिहून दिले, तर?"

"तो पेपर द्या इकडे. हे खाली वाचलंत का? दूध नको, साखर नको."

"दोन्ही नको?"

"दोन्ही."

"मग तो काढा झाला, काफी कसली?"

"आपला नंबर आला. विचारा आता डॉक्टरांना."

"कशाला विचारायचं? दोन पुरे. चल घरी, माझं लिव्हर उत्तम आहे."