नलिनीचा पिवळा फोटो

—नाही गं श्रुतिका, फ्लॅश नाहीच लावणार, सांगितलं ना? खिडकीच्या उजेडातच काढायचा. हनुवटी खाली. अजून थोडी. लेन्स जवळ आणतोय म्हणून मागे सरकू नकोस, चावत नाही ती. तीस वर्षं या मुलुंडात लोकांचे पासपोर्ट फोटो काढले — तुझ्या शाळेच्या आयकार्डाचासुद्धा, हो, कान मोठे दिसतात तो, मीच — आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तुझ्या राजेशकाकांना साक्षात्कार झाला, की खरा फोटो म्हणजे नैसर्गिक उजेड आणि क्लोजअप! कुठे झाला? मोबाइलवर व्हिडिओ बघताना, आणखी कुठे.

मग बसवायला सापडलं कोण? आमची नलिनी, तुझी काकू. पहिल्या दिवशी किचनच्या खिडकीत बसवली, तर ग्रिलची सावली तोंडावर — बाई तुरुंगात. दुसऱ्या दिवशी खिडकीला चादर बांधली. तिसऱ्या दिवशी उजेड परतवायला स्टीलचं ताट धरलं, ते चमकलं तिच्या डोळ्यांत, तिकडे भाजी करपली, शिव्या मला. पण चौथ्या दिवशी — झकास! एकेक पापणी मोजून घ्यावी. फक्त चेहरा जरा पिवळा येत होता, डोळ्यांतलं पांढरं तर जास्तच. मी काय केलं? समोरच्या बिल्डिंगला पिवळा रंग दिलाय ना, त्याचाच उजेड असणार म्हटलं — कॉम्प्युटरवर बसलो आणि पाच मिनिटांत पिवळेपणा काढून टाकला. फॅमिली ग्रुपवर टाकला, ढीगभर अंगठे आले.

ती म्हणायची, जेवण जात नाही, अंगाला खाज सुटते. मी म्हणायचो, उन्हाळा आहे. तीन आठवडे रोज फोटो काढला, रोज पिवळं काढलं. नजर माझी, लेन्स माझी, एवढा अनुभव माझा — आणि ओळखलं कोणी? कोपऱ्यावरच्या शेवंती भाजीवालीने. मेथी निवडता निवडता म्हणाली, वहिनी, डोळे बघा तुमचे, कावीळ झालीय.

हस तू, हस. नलिनीपण हसते. हॉस्पिटलात अख्ख्या वॉर्डला सांगते, आमच्या ह्यांनी माझी कावीळ कॉम्प्युटरवर बरी केली. नुसती कावीळ नव्हती ती — आत गाठ निघाली. उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. — हे तुला कशाला सांगतोय मी? हनुवटी खाली. काल म्हणाली, ऑपरेशनच्या आधी एक फोटो काढा माझा, जवळून, आहे तसा, काही पुसू नका. मी हो म्हटलं — आणि सकाळपासून इथे दुकान झाडतोय, लेन्स पुसतोय, तुला बसवून ठेवलंय. अर्धा तास झाला ना? एकदाही बटण दाबलं नाही मी. फाटलीय गं माझी. तिच्या तोंडाकडे इतक्या जवळून बघायची हिंमत होत नाही.

तिची कॉट खिडकीपाशीच आहे. बारापर्यंत चांगला उजेड असतो, मग समोरच्या टॉवरची सावली येते. — किती वाजले? सव्वाअकरा? ऊठ. ऊठ ना, पर्स घे तुझी, तुझा फोटो नंतर कधीतरी. — जा गं बाई, कुलूप लावू दे मला.