बस चुकवणारी टीम

मृणालिनी: ते सगळं खरं, रफिकभाई, पण मला एक सांगा. गेल्या महिन्यापर्यंत हीच मुलं सगळ्यांच्या आधी फ्लोअरवर हजर असायची. मी टीम बदलल्या आणि आता लेबर कॅम्पाची बस रोज निम्मी रिकामी येते. असं का?

रफिक: तुमच्या टीम बरोबर आहेत, मॅडम. मोल्डिंगवाले सकाळी, पॅकिंगवाले दुपारी. क्रेट पण जास्त निघतात. माणसं आली त्या दिवशी.

मृणालिनी: टोमणा कळला.

रफिक: टोमणा कसला. लाइनचा सुपरवायझर म्हणून जे दिसतं ते सांगतोय.

मृणालिनी: रुसलीत का माझ्यावर? जुनी टीम मोडली म्हणून?

रफिक: रुसायला इथं वेळ कुणाला आहे? झोपून राहतात, खलास.

मृणालिनी: मग आधी का नाही झोपायची?

रफिक: आधी अलीमियाँ होते ना.

मृणालिनी: पॅकिंगमधले? ते तर मान वर करून बोलत पण नाहीत. त्यांचा काय संबंध?

रफिक: कॅम्पात एक टीम म्हणजे एक खोली. अलीमियाँ सगळ्यांत मोठे. पहाटे उठायचे, चहा ठेवायचे आणि एकेकाच्या अंगावरची चादर ओढायचे. तुम्ही त्यांना दुपारच्या टीममध्ये टाकलंत, तशी कॅम्पवाल्यांनी त्यांची खोली पण बदलली.

मृणालिनी: अहो, पण प्रत्येकाकडे मोबाइल आहे. अलार्म लावता येत नाही?

रफिक: लावतात की. अलार्म बंद करून परत झोपता येतं. अलीमियाँना कसं बंद करणार?

मृणालिनी: (हसू आवरत) हे मला पहिल्याच दिवशी सांगायचं ना.

रफिक: मला तरी कुठं माहीत होतं? मी फॅमिलीवाला, शारजात राहतो. काल उझैरला चांगलं झापलं, तेव्हा तो बोलला. आज परत लेट. ही तिसरी खेप, मॅडम. आपल्या कंपनीत तिसऱ्या वॉर्निंगला सरळ घरी पाठवतात. माझ्या बहिणीचा, नबिलाचा पोरगा आहे तो, मीच आणला त्याला रत्नागिरीहून. तिला काय तोंड दाखवू?

मृणालिनी: त्यात काय एवढं? उद्यापासून अलीमियाँना परत सकाळी घेते.

रफिक: मला पण तेच वाटलं. विचारून आलो त्यांना.

मृणालिनी: मग?

रफिक: नको म्हणाले.

मृणालिनी: का? पगार तर तोच आहे.

रफिक: मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा म्हणाले, नव्या खोलीतली मुलं मला चहा हातात देऊन उठवतात. गल्फात आल्यापासून मला कुणी उठवलंच नव्हतं, रफिक.

मृणालिनी: बरं. मग उझैरलाच दुपारी टाकू?

रफिक: सकाळी मोल्ड लावणारा तो एकटाच आहे.

मृणालिनी: हो. तेही मीच ठरवलंय. ... राहू दे. अलीमियाँना हलवायचं नाही. उझैरला उशीर झाला तो माझ्या प्लॅनिंगमुळे, असं मी एचआरला आत्ता लिहिते. यावेळी वॉर्निंग जाणार नाही. पण हे एकदाच हं, रफिकभाई. उद्यापासून तो पहिल्या बसला दिसला पाहिजे.

रफिक: फार मोठं काम केलंत, मॅडम. येईल तो, इन्शाल्ला.

मृणालिनी: नुसतं इन्शाल्ला नको. मामा ना तुम्ही? पहाटे जाग आली की आधी त्याला फोन लावायचा. तो अंथरुणातून उठून बोलेपर्यंत ठेवायचा नाही.

रफिक: मला कुठली जाग येते? मला बायको उठवते.

मृणालिनी: आणि तिला कोण उठवतं?

रफिक: ... कधी विचारलंच नाही.