दरबारातला आपला माणूस

समारंभाचे अध्यक्ष आदरणीय दादासाहेब, मंचावरचे पाहुणे, ग्लासगोच्या आपल्या मंडळातल्या बंधुभगिनींनो आणि मागे समोशांवर डोळा ठेवून बसलेल्या बाळगोपाळांनो, सगळ्यांना जय भीम!

सत्कारमूर्ती डॉक्टर विक्रांत माझा मुलगा. लंडनला मोठ्या पोस्टवर चाललाय. आईनं दोन शब्द बोलावेत, असा कमिटीचा आग्रह. दोन शब्दांत मी आजवर कधी थांबले नाही. दादासाहेब, घड्याळ उतरवून ठेवा.

विक्रांतची लेक धम्मशीला एडिनबराला इतिहास शिकते. मला वाचता येत नाही, म्हणून मी भाकरी थापते आणि ती वाचून दाखवते. हजारेक वर्षांपूर्वी बगदादला खलिफाचं राज्य, पण त्याचे वैद्य बरेचसे ख्रिस्ती. कचेरीत ख्रिस्ती, ज्यू कारकून. धर्म वेगळा, तरी मान केवढा! बाहेर त्यांच्याच लोकांना मात्र कधीमधी हुकूम निघायचा: ओळखू यावं म्हणून कमरेला वेगळा पट्टा बांधा, घोड्यावर बसू नका. मग लोक वैद्यबुवांच्या दारात. एक शब्द टाका हो!

"टाकायचे का गं?" मी विचारलं.

"काही टाकायचे, आजी. काही गप्प बसायचे."

"मग त्यांना दरबारात ठेवायचे कशाला?"

"औषध चांगलं द्यायचे ना!"

आमचा विक्रांतही औषध चांगलं देतो. त्याला टाळ्या झाल्याच पाहिजेत.

पण आपली रूपाली आज हॉलमध्ये का नाही, विचारलंत कुणी? ती विक्रांतच्याच हॉस्पिटलात नर्स. वॉर्डात तिच्यासोबत काम करणाऱ्या दोन देशी बायकांनी तिचं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवशी तिचा चहाचा मग शेल्फवरून निघाला, सिंकखाली गेला. तिनं कम्प्लेंट केली. गोऱ्या साहेबांना यातलं काय कळणार? त्यांनी विक्रांतला बोलावलं. आपला माणूस म्हणाला, "आमच्यात असलं काही नसतं. पर्सनॅलिटी क्लॅश आहे." तो आपल्यातलाच, म्हणून त्याचा शब्द शेवटचा ठरला. पट्टा टोचतो का, हे दरबारानं पट्टा न बांधणाऱ्याला विचारलं!

मी जाब विचारला तर म्हणतो, "आई, मला त्या लोकांत रोज बसायचंय गं."

बस की, बाळा. पण पुण्याला आडनाव ऐकून कुणी खोली देईना, तेव्हा नुसतं "डॉक्टर विक्रांत" म्हणून ओळख कोण सांगत फिरत होतं? तीही पर्सनॅलिटीच का? वैऱ्यानं असं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. तुला काय देऊ?

रूपालीचं अपील सोमवारी आहे. तोवर तुला तुझा शब्द मागे घेता येईल. नाही घेतलास, तर तिच्या शेजारच्या खुर्चीत मी बसणार. दुभाष्या सांगून ठेवलाय. "आपण कोण?" विचारलं की सांगेन, डॉक्टरांची आई.

मंडळानं माईक दिला आणि अजून काढून घेतला नाही, त्याबद्दल आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल तर पोटात घाला. विक्रांतचा राहून गेलेला नाही. तो मी सोमवारपर्यंत बाजूला ठेवलाय.