पाणसळ आणि डावी फळी

हार्डवेअरच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे साठी उलटलेले नवरा-बायको उभे होते. नवऱ्याने लेव्हल बघायची जुनी पाणसळ दुकानदारापुढे ठेवली.

“नवीन द्या. हिचा बुडबुडा बिघडलाय. घरी होडी बांधतोय, सकाळी तिच्यावर ठेवली की बरोबर मध्ये, संध्याकाळी उजवीकडे पळतो.”

“डावं टोक उजवीकडे फिरवून बघितलंत का, काका?” दुकानदाराने विचारलं.

“बघितलं की. तरी बुडबुडा उजवीकडेच.”

“मग पाणसळ ठणठणीत आहे. तुमची होडीच डावीकडे कलतेय.”

“मी सांगत होते, उगाच पाणसळीला नावं ठेवू नका.”

“तू थांब गं! उद्या फासळ्या पक्क्या करायच्यात. लेव्हल चुकली तर सगळे काटकोन चुकतील, आणि होडी जन्मभर तिरकी चालेल.”

“होडी ठेवलीय कशावर?”

“परसात, सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर. जमीन जरा मऊ आहे.”

“आणि संध्याकाळी काय वेगळं होतं?”

“काही नाही. चहा होतो. मग मी मापं घेतो, ही आकडे लिहिते.”

“कुठे बसून?”

“होडीत, डाव्या फळीवर. यांनीच बसवलंय मला. महिनाभर तिथेच बसून अर्धा स्वेटर विणून झाला.”

“अगं, पण तुझं वजन ते कितीसं!”

“बुडबुड्याला विचारा.”

नवऱ्याने जुनी पाणसळ उचलून पिशवीत टाकली.

“बरं, उद्यापासून मी घराच्या पायरीवर बसते.”

“छे! तिथून तू बोललेलं मला ऐकू येत नाही. माप घेईपर्यंत उतर, झालं की परत बस.”

“आणि होडी पाण्यात गेल्यावर माझ्या वजनाचं काय?”

“तेव्हा उजवीकडे मी असेन की.”