दिलेलं वान

माझं माहेर धसईच्या पलीकडं, डोंगराच्या पायथ्याला, आनि आमच्या घरचं शिराळं साऱ्या गावाला माहीत, हातभर लांब, जून झालं तरी कडू नाय. त्याचं बी माझ्या आईनं जपलेलं. वेलाचं पयलं फळ खायचं नाय, ते बियाला सोडायचं, सुकलं का चुलीवर टांगायचं, धुरानं कीड लागत नाय. लगीन होऊन मी आटगावच्या बाजूला आले तवा आईनं नारळाबरोबर ओटीत ते बी घातलं आनि बोलली, पोरी, अंगावरचा सोन्याचा डाग मोडलास तरी चालंल, हे बी मोडू नको.

नव्वद सालानंतर आमच्या इथे रोडला भाजीच्या बियांची कंपनी निघाली. आमी बाया सूप घेऊन शेडमध्ये पाखडायला बसायचो. मोठे शेठ आधी बाजारात गोणपाटावर बी मांडून बसायचे, तिथून वर आलेला मानूस, आमच्यात मांडी घालून भाकर खायचा नि सांगायचा, ही कंपनी नाय, घर हाय. दसऱ्याला तराजूची पूजा आमच्या हातून व्हायची. लय माया होती माझी त्या जागेवर, खोटं कशाला बोलू. आनि शेठची सून, तिला आमी वैनी म्हनायचो, शिकलेली बाई, पन संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या शेडमध्येच करायची.

आता आमच्यात वान दोन्हीला बोलतात, संक्रांतीच्या देन्याला आनि बियांच्या जातीला. तर एका साली वैनी बोलल्या, यमुनाबाई, यंदा वाट्या नकोत नि कंगवे नकोत, यंदा प्रत्येकीने आपल्या घरच्या बियाचं वाण द्यायचं. आमाला लय गंमत वाटली. कोनी वाल आनले, कोनी भोपळा, आनि मी घरातलं शिराळ्याचं होतं नव्हतं ते वैनींच्या ओटीत रितं केलं. सासू ओरडली, अगो, दोन मुठी ठेव की घरात. मी बोलले, आत्या, वान का कोन अर्धं देतं, आनि वैनी बोलल्यात ना, थंड खोलीत ठेवू, तुमच्याकडे उंदीर खातील, दर साली तुमचं तुमी घेऊन जा. पयली सालं दिलंपन त्यांनी. मग मी चुलीवर टांगायचं सोडलं. कशाला टांगू, घरचीच खोली हाय ना ती.

मोठे शेठ गेले, नि दर सालचं ते बी देनंपन थांबलं. मागून कंपनीचा मोठा सोहळा झाला, मंडप, पाहुने, आमी बाया नवी लुगडी नेसून सतरंजीवर. वैनी माईकवर उभ्या राहिल्या, हातात शिराळ्याचा फोटो असलेलं पाकीट, नि बोलल्या, हे वाण माझ्या आजीने परसात जपलं, तिचा वारसा आम्ही चालवतो. मना वाटलं ऐकन्यात चुकलं. शेजारच्या ताराबायनं कोपर मारलं, यमुने, तुझंच ना गो ते? मी बोलले, थांब, आता नाव घेतील. नाय घेतलं. टाळ्या वाजल्या, आमीपन वाजवल्या.

जेवनं झाल्यावर गेले त्यांच्यापाशी. बोलले, वैनी, ते माझ्या आयेचं. तर खांद्यावर हात ठेवून हसल्या, अहो यमुनाबाई, तुम्ही वाण दिलं होतंत ना, दिलेलं वाण कुणी परत मागतं का, आणि लोकांना काहीतरी गोष्ट सांगावी लागते. काय सांगू तुमाला, आमचीच रीत माझ्या तोंडात कोंबली तिनं. मी बोलले, बरं, नाव ऱ्हाऊ द्या, मना मूठभर माझं बी द्या. तर बोलते, मूळचं आता कुठलं, त्याचा दुसऱ्या जातीशी संकर केला, जुनं काढून टाकलं, हे घ्या. आनि माझ्याच हातात ते पाकीट दिलं. केसानं गळा कापला बघा, हसत हसत कापला.

लावलं मी ते. पयल्या साली वेल जोरात. त्याचं बी धरून लावलं तर येक फळ वाकडं, येक आखूड, येक इतकं कडू का गुरानं तोंड नाय लावलं. आई तवर गेली होती. माहेरी जाऊन भावजयीला विचारलं, ती बोलली, वन्सं, कोन जपत बसतंय, आमीपन पाकीटच लावतो. मी पायरीवर बसून रडले. आईला काय तोंड दाखवू, येवढंच मनात येत होतं.

काम सोडलं मी. आता नातवंडं हायत, भातशेती हाय, देवाच्या दयेनं खाऊन पिऊन बरी हाय. मागच्या वैशाखात खर्डीला येका लग्नात वैनी भेटली, केस पिकलेत, गुडघ्यानं अधू झालीय. वयानं मी मोठी, म्हनून चार मानसांत वाकली नि माझ्या पाया पडली. पाया पडनाऱ्याला सुखी ऱ्हा बोलल्याबिगर मी कधी सोडलं नाय, वैरी असला तरी. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती. वाईट होवो असं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पन सुखी ऱ्हा हेपन तोंडातनं आलं नाय. ती वाकलेलीच होती, नि मी पाय मागं घेतले.