गुरुवारची सुट्टी

हसू नका राव, पण माझ्या पोरीच्या मैत्रिणीला मी एका सुट्टीवरून ओळखलं.

आमची सई सहावीत आहे. मोबाईलवर गेम खेळताना तिची कुणा परीशी मैत्री झाली. परीही म्हणे सहावीतलीच, राहायला रावेतला. मला पहिल्यापासून खटकत होतं.

"आवाज ऐकलास का तिचा?"

"तिचा माईक बिघडलाय, बाबा."

"महिनाभर?"

"तुम्हाला ना, सगळ्यांचाच संशय येतो!"

परवा जेवताना सई म्हणाली, "परी मला भेटायला बोलावतेय. शाळा सुटल्यावर, गुरुवारी. तिला दर गुरुवारी सुट्टीच असते."

माझा घास हातातच राहिला. वीस वर्षं भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काढलीत मी. गुरुवारी आपले कारखाने बंद असतात, शाळा नाही.

सईच्या फोनवरून मीच लिहिलं, "भाऊ, कुठल्या कंपनीत?"

मिनिटभरात परीचं अकाउंट गायब. चॅटचे फोटो आधीच काढले होते, ते पोलिसांत दिले.

ते शोधतायत. पण आज गुरुवार आहे, आणि ही टपरी आपल्यासारख्यांनीच भरलीय. कुणी फोन पालथा ठेवला की माझी नजर तिकडेच जाते.

पक्या, तुझा का रे पालथा?