लोखंडी पुलाचं गाणं

केंटकीच्या डोंगरातली आमची ब्लूग्रास लोकसंगीताची जत्रा. दुपारी घेवड्याच्या सूपसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे ऑर्फा आजी, आणि तिच्यापुढे नुकताच मंचावरून उतरलेला वर्लिन, बगलेत मँडोलिन.

“पोरा, ते पुलाचं गाणं कुठलं रे?”

“फार जुनं, आजी. माझ्या पणजोबांच्या वेळचं.”

“लोखंडी पूल म्हणालास ना? आपल्या ओढ्यावरचा?”

“तोच.”

“तो माझ्या लग्नाच्या वर्षी झाला. त्याचे बोल्ट माझ्या नवऱ्याने आवळलेत. तुझे पणजोबा त्याआधीच गेले. मयताला मी केक घेऊन गेले होते. खरं सांग, कोणी रचलं?”

“मी. गेल्या हिवाळ्यात.”

“मग जुनं का सांगितलंस?”

“माझं म्हटलं की लोक उठून सूपच्या रांगेत येतात. जुनं म्हटलं की टोप्या काढून ऐकतात.”

“मी टोपी घालत नाही. गाण्यातली ती मुलगी शेवटी पुलावर उभी राहते. पुढे काय होतं?”

“गाणं तिथेच संपतं, आजी.”

“ते ऐकलं मी. माझी आई एक गाणं गायची, त्यातला मुलगा खाणीतून वर आला की नाही, हे मी जन्मभर विचारतेय. रचणारा कधीच मातीत गेला, विचारू कोणाला? तू तर समोर उभा आहेस. सांग, ती पलीकडे गेली का?”

“ते मला अजून ठरवता आलं नाही.”

“मग ठरव. रांग लांब आहे.”